दिव्यांग मुलांसाठीचा निधी गावच्या शाळेपर्यंत आणायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या जिल्हा परिषद शाळांमधले पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक यांच्यासाठी ही माहिती आहे. निधी मागणाऱ्याने तीन गोष्टी आधी ठरवायच्या असतात: कोणत्या मुलासाठी, कोणत्या वस्तूसाठी किंवा सेवेसाठी आणि कोणत्या महिन्यात. ‘शाळेला निधी द्यावा’ एवढाच अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

आमच्या शाळेत दोनच दिव्यांग मुलं आहेत. दोघांसाठी निधी मागता येईल का?

एका मुलासाठीही मागता येतो. शिक्षण हक्क कायदा २००९ आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ या दोन्ही कायद्यांत हा हक्क त्या त्या मुलाचा आहे, पटसंख्येवर तो ठरत नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम ३१ सांगतं की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळालं पाहिजे. कलम १६ नुसार इमारत, परिसर आणि सोयी त्या मुलाला वापरता येतील अशा करून देणं शाळेवर बंधनकारक आहे. ‘दोघांसाठी कशाला एवढा खर्च’ असं कोणी म्हटलं, तर ही कलमं अर्जात लिहा.

पैसा नेमका कुठून येतो?

मुख्य वाट समग्र शिक्षा अभियानाची आहे. २०१८-१९ पासून सुरू असलेल्या या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. तिच्यात ‘समावेशित शिक्षण’ असा वेगळा घटक आहे. साहित्य साधनं, ब्रेल व मोठ्या अक्षरांची पुस्तकं, उपचारात्मक सेवा, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मुलींचा प्रोत्साहन भत्ता, तपासणी शिबिरं, शिक्षक प्रशिक्षण हे सगळं याच घटकातून होतं. राज्यात ही योजना महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद राबवते. जिल्ह्यात समावेशित शिक्षणाचे जिल्हा समन्वयक असतात आणि तालुक्यात गट साधन केंद्रातले विशेषतज्ज्ञ व विशेष शिक्षक.

दुसरी वाट स्थानिक आहे. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत या दोघांनीही स्वउत्पन्नाचा ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आधी तो ३ टक्के होता. यंदा घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार कर मिळून ग्रामपंचायतीची ६ लाख रुपये वसुली झाली असेल, तर ३० हजार रुपये या कामाचे आहेत. गावच्या एका शाळेसाठी ही रक्कम लहान नाही.

चंद्रपूर, यवतमाळचा वणी पट्टा, नागपूर, गडचिरोली अशा खाणींच्या भागात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणबाधित गावांसाठी राखलेला, निधी असतो. त्याच्या उच्च प्राधान्याच्या कामांत शिक्षणही येतं आणि दिव्यांगांचं कल्याणही. खाणबाधित गावाने ग्रामसभेचा ठराव जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मागणी करावी. मेळघाट, गडचिरोली अशा पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागासाठीचा वेगळा पंचायत कायदा लागू असलेल्या, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी (कोणत्याही एका कामाशी न बांधलेला) थेट मिळतो आणि तो शिक्षणावर खर्च करायला मुभा आहे. जिल्हा नियोजन समिती आणि आमदार निधी हेही मार्ग आहेत, पण ते मुख्यतः बांधकामासाठी बरे. दर वर्षी लागणारी सेवा त्यावर अवलंबून ठेवू नका.

एका मुलामागे ३,५०० रुपये मिळतात म्हणे. मग ते मुलाच्या खात्यात का येत नाहीत?

समग्र शिक्षेत एका दिव्यांग मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ३,५०० रुपये अशी नियोजनाची मर्यादा आहे. ही रक्कम मुलाला वाटायची नसते. जिल्ह्याचा आराखडा बनवताना मुलांची संख्या या रकमेने गुणून वरची हद्द ठरते आणि तिच्या आत वेगवेगळ्या बाबी बसवल्या जातात. तालुक्यात २०० मुलं नोंदवलेली असतील तर हद्द ७ लाखांची. प्रत्यक्षात ३०० मुलं असतील आणि १०० नोंदवलीच नसतील, तर साडेतीन लाखांची मागणी करायला जागाच उरत नाही.

थेट खात्यात जमा होतो तो भत्ता. दिव्यांग मुलींना प्रोत्साहन भत्ता महिन्याला २०० रुपये, वर्षात १० महिने, म्हणजे २,००० रुपये. तो अडतो बहुतेक वेळा दोन कारणांनी. खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात हे तपासून घ्या.

नोंद, नोंद म्हणता ती कुठली?

यूडायस प्लसची, म्हणजे शाळांची आणि विद्यार्थ्यांची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतली. या विषयात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून हे उत्तर थोडं लांब आहे.

प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती मुख्याध्यापक यूडायस प्लसवर भरतात. तिच्यात मूल दिव्यांग आहे का, प्रकार कोणता, प्रमाणपत्र आहे का आणि टक्केवारी किती, असे रकाने असतात. आराखडा करणारे अधिकारी तुमच्या गावात येऊन मुलं मोजत नाहीत, त्यांच्यापुढे याच आकड्यांची यादी असते. या रकान्यात ‘नाही’ असं भरलं गेलं की ते मूल अंदाजपत्रकाच्या दृष्टीने गावात नाहीच.

चुकतं कुठे? गुरुजींना डोळ्यांनी दिसणारं दिव्यांगत्व तेवढंच नोंदवलं जातं: पोलिओने पाय अधू असलेलं मूल, पूर्ण अंध मूल. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मानले आहेत. त्यात अंशतः अंधत्व, कमी ऐकू येणं, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता हे सगळं येतं. मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं चुकीचं उतरवणारं मूल ‘आळशी’ म्हणून वर्षानुवर्षं पुढच्या वर्गात ढकललं जातं आणि कुठल्याच रकान्यात येत नाही.

दुसरी चूक प्रमाणपत्राची वाट पाहण्याची. प्रमाणपत्राचा रकाना वेगळा आहे, म्हणजे प्रमाणपत्र नसलेल्या मुलाचीही नोंद होते. वर्गशिक्षकांनी एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ ॲपवरून प्राथमिक चाचपणी करावी. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षकांसाठीच आहे. संशयित मुलांची यादी गट साधन केंद्राला लेखी द्यावी.

पालकांनी एवढंच करावं: ऑगस्टमध्ये मुख्याध्यापकांना भेटून आपल्या मुलाच्या यूडायस नोंदीची प्रत मागावी आणि दिव्यांगत्वाचा रकाना स्वतः वाचावा. दुरुस्ती असेल तर ३० सप्टेंबरच्या आत करून घ्यावी, कारण शाळांचे आकडे याच तारखेवर धरले जातात.

सिकलसेल असलेलं मूल दिव्यांग धरलं जातं का?

हो. आपल्या भागात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. सिकलसेल रोग, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे तिन्ही त्या २१ प्रकारांत आहेत. यात एक फरक लक्षात ठेवा. रोग असलेलं मूल, म्हणजे एसएस पॅटर्नचं, प्रमाणपत्रासाठी तपासलं जातं. फक्त वाहक असलेलं मूल, म्हणजे एएस पॅटर्नचं, यात येत नाही. दोघांची कार्डं गावात बऱ्याचदा एकाच नजरेने पाहिली जातात, तेव्हा अहवाल हातात घेऊनच बोला.

या मुलांसाठी काय मागायचं? रॅम्पचा त्यांना उपयोग नाही. कळा आल्या की ती आठ-पंधरा दिवस शाळेत येत नाहीत, म्हणून बुडालेल्या अभ्यासासाठी शिक्षकाचा वेळ हवा. वर्गाजवळ पिण्याचं पाणी हवं, उन्हातल्या कवायतीतून आणि थंडीतल्या सकाळच्या खेळातून सूट हवी. दवाखान्यात जाण्यासाठी प्रवास भत्ता मिळू शकतो का, ते तालुक्यात विचारा. आणि गैरहजेरीमुळे नाव कमी होणार नाही, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या.

जिल्हा रुग्णालय फार लांब आहे. प्रमाणपत्र कसं काढायचं?

सिरोंचा किंवा भामरागडहून गडचिरोलीला जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते, हे खरं आहे. यूडीआयडी म्हणजे वैश्विक ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो, सेतू केंद्रातूनही होतो. तपासणीला मात्र मुलाला न्यावंच लागतं. म्हणून एकेकट्याने जाण्याऐवजी आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या मुलांची यादी करा आणि तालुक्यातच तपासणी शिबिर घ्यावं अशी मागणी गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक या दोघांना एकाच पत्राने करा. शिबिराचा खर्च समग्र शिक्षेत बसतो. अध्ययन अक्षमतेची तपासणी साधारण आठ वर्षांनंतर होते, त्यामुळे पहिलीतल्या मुलासाठी आत्ता धावपळ नको. पण वर्गातली मदत आत्तापासूनच हवी.

कॅलिपर (पायाला आधार देणारं साधन), व्हीलचेअर, श्रवणयंत्र यांसाठी कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत मोजमाप शिबिरं होतात. त्यात ६० टक्के खर्च केंद्र सरकारच्या एडिप या साहित्य साधनांच्या योजनेतून आणि ४० टक्के समग्र शिक्षेतून होतो. मोजमाप ते वाटप यात महिने जातात आणि मूल तेवढ्यात वाढतं. कॅलिपर आखूड पडला तर तो घेऊन घरी खुंटीला टांगू नका, वाटपाच्या जागीच लेखी नोंदवा.

कोणत्या महिन्यात काय करायचं?

आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून हातात वेळ कमी असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांची यादी आणि यूडायसची नोंद. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडून ठेवायचा. २ ऑक्टोबरपासून ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम सुरू होतं, त्यात शाळेची कामं घालायची. शाळा विकास आराखडा डिसेंबर संपायच्या आत तयार व्हायला हवा, म्हणजे आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी. डिसेंबर ते फेब्रुवारीत जिल्ह्यात समग्र शिक्षेची वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक तयार होतं आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची मागणीही याच सुमारास जाते. मार्चअखेरीपूर्वी जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक मंजूर होतं.

फेब्रुवारी उलटल्यावर दिलेला अर्ज पुढच्या वर्षाचा धरा. बहुतेक गावं मार्चमध्ये जागी होतात, आणि तोवर आकडे गोठलेले असतात.

शाळा विकास आराखड्याला खरंच कोणी विचारतं का?

कायदा विचारतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की शाळा व्यवस्थापन समितीने केलेला आराखडा हाच शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार असेल. पालकांच्या हातात याहून मोठं हत्यार नाही, आणि बऱ्याच शाळांत तो मागच्या वर्षीचा कागद तारीख बदलून जातो. समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. सही करण्याआधी वाचायला मागा.

मागणी अशी लिहा: ‘इयत्ता तिसरीतील एका विद्यार्थिनीस अंशतः अंधत्व आहे. तिच्यासाठी मोठ्या अक्षरांतील पाठ्यपुस्तकांचा एक संच जूनपूर्वी मिळावा. इयत्ता सहावीतील एका विद्यार्थ्यास मेंदूचा पक्षाघात असून घर शाळेपासून अडीच किलोमीटर आहे. त्यास मदतनीस भत्ता मिळावा व विशेष शिक्षकाची आठवड्यातून एक भेट निश्चित करावी.’ मुलाचं नाव आराखड्यात लिहायची गरज नाही, वर्ग आणि गरज पुरे. प्रत्येक ओळीत एक गरज, एक संख्या, एक मुदत. ठराव क्रमांक घाला, गट साधन केंद्रात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसेल तर सहा महिन्यांनी ते पत्र कोणालाच सापडत नाही.

शाळेच्या संयुक्त अनुदानातून हे भागवता येणार नाही का?

थोडंच. हे अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेला जातात. वीजबिल, खडू, दुरुस्ती यातच ते संपतं. स्वच्छतागृहात आधाराची दांडी बसवणं, दाराचा उंबरठा काढणं अशी लहान कामं मात्र यातून आजही होऊ शकतात, त्यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहू नये.

शाळेला रॅम्प आहे, तरी व्हीलचेअर चढत नाही. का?

उतार उभा आहे म्हणून. प्रमाण १:१२ हवं. जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब लागतो. रुंदी किमान चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, आणि वर दारापुढे व्हीलचेअर वळेल अशी पाच बाय पाच फूट सपाट जागा. अनेक शाळांत जागा वाचवायला सहा-आठ फुटांत रॅम्प उरकलेला असतो. कागदावर ‘रॅम्प आहे’ अशी नोंद होते आणि मग नव्या रॅम्पची मागणी फेटाळली जाते. अशा वेळी टेपने लांबी-उंची मोजून, फोटो जोडून ‘असलेला रॅम्प वापरण्यायोग्य नाही’ असा ठराव करा आणि यूडायसमधली नोंदही दुरुस्त करायला सांगा.

काळ्या मातीचं एक वेगळं दुखणं आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरवर सिमेंट ओतलेला रॅम्प दोन वर्षांत जोत्यापासून सुटतो. काळी माती काढून खाली मुरूम भरणं आणि दाबणं अंदाजपत्रकात आहे का, हे कनिष्ठ अभियंत्यांना काम सुरू होण्यापूर्वी विचारा. स्वच्छतागृहाचं दार तीन फूट रुंद आणि बाहेर उघडणारं हवं, आत व्हीलचेअर फिरायला पाच फुटांचा घेर हवा.

आमच्या शाळेला विशेष शिक्षक मिळेल का?

प्रत्येक शाळेला वेगळा मिळणार नाही, पण शाळांच्या केंद्राला मिळायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी विशेष शिक्षकांची पदं निर्माण करायला सांगितलं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रमाण घातलं: पहिली ते पाचवीत १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीत १५ मुलांमागे एक. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० पदांचा निर्णय घेतला.

आता हिशेब करा. तुमच्या केंद्रात पहिली ते पाचवीची १८ आणि सहावी ते आठवीची ९ मुलं असतील, तर प्राथमिकसाठीच एक शिक्षक अपुरा पडतो. ही आकडेवारी केंद्रातल्या सगळ्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी मिळून द्यावी. एकट्या शाळेच्या पत्रापेक्षा बारा शाळांच्या बारा सारख्या ठरावांना वजन असतं. शिक्षक नेमलेला असेल तर भेटींचं वेळापत्रक शाळेच्या भिंतीवर लावून घ्या आणि प्रत्येक भेटीची नोंद भेटवहीत होऊ द्या. या शिक्षकाचा प्रवास भत्ता वेळेवर न मिळाल्याने दूरच्या शाळांच्या भेटी आधी बंद होतात. म्हणून त्या भत्त्याची मागणीही आपणच करावी.

ग्रामपंचायत म्हणते, ५ टक्के निधी वाटून झाला.

बहुतेक गावांत तो मार्चमध्ये मोठ्या माणसांना सारखा वाटला जातो. त्यांचाही हक्क आहे, त्यांच्याशी भांडू नका. मुलं राहून जातात याचं कारण साधं आहे: ग्रामपंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत त्यांची नावंच नसतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी नाव चढवा, मग ग्रामसभेत या निधीतून शाळेसाठी काय घ्यायचं, याचा ठराव वर्षाच्या सुरुवातीलाच करून घ्या.

निधी आला आणि परत गेला, असं का होतं?

पैसा उशिरा येतो आणि ३१ मार्चला खर्चाची मर्यादा संपते. शाळेच्या शून्य शिल्लक खात्यात पैसे साठून राहत नाहीत, तर ठराविक रकमेपर्यंत खर्च करायची मर्यादा तेवढी मिळते. फेब्रुवारीत मर्यादा मिळाली आणि दरपत्रकं तयार नसली, तर काम होत नाही. पुढच्या वर्षी ‘खर्च झाला नाही, म्हणजे गरज नाही’ असं धरून तरतूद कापली जाते. उपाय एकच: दरपत्रकं आणि समितीचा खरेदी ठराव जानेवारीतच तयार ठेवा.

‘विशेष शाळेत टाका, तिकडे सोय आहे’ असं सांगतात.

निवड पालकांची आहे. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत, गावची शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. मूल तिकडे गेलं की गावच्या शाळेच्या आकड्यातून वजा होतं. फार तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचा हक्कही कायद्याने दिला आहे. पण अशा मुलाचं नाव शाळेच्या पटावर राहिलंच पाहिजे. सतत गैरहजर म्हणून नाव कमी केलं, तर घरी येणारा शिक्षकही थांबतो.

पत्रांना उत्तरच येत नाही. पुढे काय?

गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मग मुख्य कार्यकारी अधिकारी असा क्रम ठेवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार केली तर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. दिव्यांग आयुक्तांकडेही, पुण्याला, टपालाने तक्रार करता येते. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो.

माहितीच्या अधिकारात आपल्या तालुक्याला समावेशित शिक्षणात किती मंजूर झालं, किती मिळालं आणि किती खर्च झालं, हे बाबनिहाय मागा. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. हा अर्ज शाळेच्या नावाने करू नका, पालकाने स्वतःच्या नावाने करावा. मुख्याध्यापकांवर वरून दबाव येतो आणि आपल्या मुलाच्या बाजूने उभा असलेला माणूस विनाकारण अडचणीत येतो.

पऱ्हाटीच्या वेचणीत समितीच्या सभेला कोणी येत नाही. सभा कशी घ्यायची?

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नेमका आराखडा करायचा असतो आणि सगळं गाव वावरात असतं. सभा सायंकाळी सातनंतर ठेवा, शाळेत शक्य नसेल तर समाजमंदिरात. मेळघाटात दिवाळीनंतर कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. तिथे सभा दिवाळीपूर्वीच घ्या आणि जाणाऱ्या प्रत्येक दिव्यांग मुलाच्या पालकांचा फोन नंबर व परतण्याचा अंदाज वर्गशिक्षकांच्या वहीत लिहून ठेवा. आराखड्याची मागणी आधीच कागदावर तयार असेल तर सभेला अर्धा तास पुरतो.